नाल्यापल्याडचं झाड

१२ जानेवारी २०२५
आरमोरी

दादा,
जय भीम.

“लढते तो बंदूकवाला, संघू, पण त्याले घरी वापस आणते तो भातवाला.”

फौजेतून पहिल्या सुटीवर आलास तेव्हा तू हे म्हणाला होतास. मी शाळेत होते. माझा भाऊ सीमेवर बंदूक रोखून उभा असतो असं मी सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं. आणि तू सांगितलंस की तू पुरवठ्याच्या तुकडीत आहेस. तांदूळ, डाळ, रॉकेल आणि खेचरांचा चारा पाहतोस. माझं तोंड उतरलं. आई चुलीजवळून म्हणाली, “म्हणजे इथी ताटं मांडत होता, तिथीही ताटंच मांडते!” तू रागावला नाहीस. मला जवळ बसवून ते वाक्य म्हणालास. तेव्हा ते मला समजूत काढणं वाटलं होतं.

आता ते रोज आठवतं, कारण मी एका पुस्तकात अडकले आहे. नागपूरच्या एका प्रकाशकाला विद्यार्थ्यांसाठी रोमन फौजेवर छोटं पुस्तक हवं आहे. लढाया लिहून झाल्या. त्या सोप्या असतात. अडले ते पुढे. ही फौज दिवसभर चालून थकली की संध्याकाळी आडवी होत नसे. आधी चारी बाजूंनी चर खणायची, त्या मातीचा बांध घालायची, बांधावर टोकदार खुंट रोवायची. ते खुंट शिपाई सोबत वागवत. मग आत तंबू, रोज त्याच आखणीने, म्हणजे अंधारातही प्रत्येकाला आपली जागा सापडावी. आणि सकाळी हे सगळं मोडून पुढे. वर्गात सांगितलं तर एक मुलगी म्हणाली, “मॅडम, एका रातीसाठी एवढं खोदकाम काऊन?” मला नीट उत्तर देता आलं नाही. तू दिलं असतंस.

तुला फोन केला नाही, कारण तू उचलत नाहीस. पिंकीवहिनी म्हणाली, “चिठ्ठी पाठवा. वाचतात ते. गॅसजवळ उभं राहून वाचतात.” गॅसजवळ का, ते मी विचारलं नाही.

एवढंच विचारायचं होतं: आठ शिपायांच्या तंबूमागे एक खेचर असे. तंबू, दळायचं जातं, धान्य, सगळं त्याच्या पाठीवर. असं खेचर घेऊन फौज किती आत जाऊ शकते?

गावाकडे सगळं ठीक आहे.

तुझी,
संघप्रिया


२ फेब्रुवारी

दादा,

वहिनीच्या फोनवरून निरोप आला. खाली नाव नाही. “खेचर जे वाहते तेच खाते. लय आत नेलं तर पाठीवरचं सगळं त्याच्याच पोटात जाते. म्हणून रस्त्यात ठाणी पाह्यजेत. आणि पाणी लिहिलं नाहीस. माणूस भातावर मागाहून चालते, पाण्यावर आधी.”

वहिनीला खेचरांतलं इतकं कळतं हे मला माहीत नव्हतं. तिला माझे आभार सांग.

पाण्याचं मी लिहिलं. आणि त्या मुलीलाही उत्तर दिलं. छावणी झोपण्यापुरती नसते. उद्या मैदानात हरलो तर मागे फिरायला जागा असावी म्हणून असते. मागे जागा आहे हे ठाऊक असलेला माणूस पुढे नीट उभा राहतो. ती मुलगी म्हणाली, “म्हणजे हराची तयारी करूनच जात होते?” मी हो म्हटलं. वर्गाला ते फारसं आवडलं नाही.

गावाकडे सगळं ठीक आहे असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. तसं ते नाही.

वाघाने आईला नेलं त्याला येत्या मोहाच्या हंगामात दोन वर्षं होतील. तेव्हापासून बायका मिळून मोहफुलं वेचायला गेलेल्या नाहीत. पण मोह सोडून चालतं का कोणाचं? मग एकेकट्या, लपून जातात. मागच्या वर्षी बुधरीबाई घरी न सांगता पहाटे गेली. झाडाखाली बसली असताना समोरच्या झुडपात काय हललं ते तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही. टोपली तिथेच टाकून आली आणि तीन दिवस तापाने पडली. बसलेली, वाकलेली बाई वाघाला बाई दिसत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. तरी जातात.

आणि जातात त्या आपापल्या झाडाखाली. तुला आठवतं ना? हे झाड बुधरीबाईचं, ते मंगलीच्या सासूचं, नाल्यापल्याडचं आपलं. कागदावर कुठेच नाही, पण दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. लहानपणी मी एकदा ओंजळभर उचललं होतं, तर आईने परत टाकायला लावलं होतं. या रीतीचा मला फार अभिमान होता. पण पुस्तकासाठी नकाशे काढता काढता मी एका दुपारी आपल्या जंगलाचाही नकाशा काढला, झाडांवर घरांची नावं घातली, आणि पाहत राहिले. जंगलात शिरल्याबरोबर सगळ्या बायका एकमेकींपासून लांब होतात. रीतच तशी आहे. आणि सगळ्यांत लांब आपलं झाड.

त्या झाडाखाली दोन वर्षं फुलं पडून सडली. कोणी हात लावला नाही.

संघप्रिया


१६ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र तू पूर्ण वाचशील की नाही, मला शंका आहे. म्हणून आधी रोमचं लिहिते.

जर्मनीच्या जंगलात रोमची एक फौज माघारी येत होती. त्याच मुलखात काही वर्षांपूर्वी त्यांच्या तीन पलटणी संपल्या होत्या. अरुंद रस्ता, पाऊस, सामान आणि माणसं यांची लांबच लांब रांग, आणि दोन्ही बाजूंना झाडी. आता पुन्हा तेच जंगल. दलदलीतून जाणारा लाकडी रस्ता मोडलेला. तो दुरुस्त करत करत, लढत, चिखलात सामान गमावत ही फौज कशीबशी छावणीत पोचली. आणि तिथे एक घोडा दावं तोडून सुटला. आरडाओरड्याने बिथरला, चार माणसांना धडकला. बस. शत्रू आत शिरला असं कोणी तरी ओरडलं आणि सगळे दाराकडे पळत सुटले. जगातली सर्वांत शिस्तीची फौज, दादा. एका घोड्यामुळे.

सेनापती म्हातारा होता. चाळीस वर्षं फौजेत काढलेला. त्याने आधी आज्ञा केली, मग विनवण्या केल्या, हात धरून ओढलं, कोणी थांबेना. शेवटी तो दारात आडवा पडला. त्याच्या अंगावर पाय दिल्याशिवाय बाहेर पडता येईना, तेव्हा शिपाई थांबले. घोडाच होता हे मग कळलं. पळालेल्यांना त्याने भित्रे म्हटलं नाही. त्यांना गोळा केलं आणि दुसऱ्या दिवशी बाहेर कसं पडायचं ते सांगितलं. त्यांतले पुष्कळ जण घरी पोचले.

हे मी गोकुळामावशीच्या ओसरीवर बसून वाचून दाखवलं.

हो, आईच्या त्या मैत्रिणीकडे मी जाते. दर रविवारी. तू पुण्याला परत गेलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून जाते. हे तुला कुठून तरी कळलं आणि तू घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलास, हे मला माहीत आहे.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भरल्या मांडवात तू तिला म्हणालास, “मावशी, तुमी पळालात. माय एकटी राह्यली.” तिने हातातलं ताट खाली ठेवलं आणि निघून गेली. तेव्हापासून ती जंगलाच्या बाजूला फिरकलेली नाही. तिच्या घरचे मनसारामभाऊ तलावातली मासळी आणतात, ती बाजारात नेऊन विकते, घरी येते. आपल्या घरासमोरून जाताना पदर पुढे ओढते. आईच्या हयातीत ती मागच्या दाराने सरळ चुलीपर्यंत यायची आणि झाकण उघडून पाहायची.

त्या दिवसाचं तू तिला कधी विचारलं नाहीस. मीही विचारलं नव्हतं. घोड्याची गोष्ट ऐकून ती आपणहून बोलली. सून डिंपल तिथेच जाळी निवडत बसली होती.

“नाल्यावर आमी दोघीच होतो. बाकीच्या आपापल्या झाडाले. वानरं ओरडली. मी म्हनलं, केसर, चाल. ते म्हने, तू हो पुढं, मी टोपलं घेऊन येतो, आपल्या झाडाचं फूल टाकून कुठी येऊ? मले वाटलं मागंच हाय. पायाचा आवाज येऊन राह्यला होता मागं. मी पळत होतो आन् तिच्यासंगं बोलत होतो, संघू. तलावाच्या पाळीवर येईपर्यंत बोलत होतो.”

डिंपल म्हणाली, “आवाज तुमच्याच पायाचा होता, आत्याबाई.”

“आता समजते ते,” मावशी म्हणाली.

दादा, ती पळाली. ते खरं आहे, आणि तीही तेच म्हणते. पण मागे वळून पाहायचं काम त्या दिवशी कोणाचं होतं? कोणालाच दिलेलं नव्हतं. घरातून निघालेल्या बायकांपैकी कोणालाही नाही.

आता हे पत्र पेटवायला गॅसजवळ उभा असलास तर जरा बाजूला हो.

संघप्रिया


२ मार्च

दादा,

पार्सल मिळालं. चिठ्ठी नव्हती. शिट्ट्या होत्या, दोरीत ओवलेल्या, फौजेतल्यासारख्या, पुऱ्या टोपलीभर. पिंकीवहिनीची ही दुसरी कमाल.

इथे पुष्कळ घडलं. सांगते.

या वर्षी चोरून जायचं नाही, सगळ्यांनी मिळून जायचं, असं डिंपलने बचत गटात मांडलं. मी फक्त नकाशा घेऊन गेले होते. समाजमंदिरात तो जमिनीवर पसरला आणि सांगितलं की, झाडं वाटलेली राहिली तर आपणही वाटल्या जाऊ. एका झाडाखाली सगळ्यांनी जायचं, मग दुसऱ्या. फुलं शेवटी सारखी वाटून घ्यायची.

बुधरीबाई उसळली. “माह्या सासूनं मरताना त्या झाडाकडं बोट दाखवलं होतं! ते मी साऱ्या गावाले देऊ?”

“झाड देऊ नोका, बुधरीबाई,” डिंपल म्हणाली. “झाड तुमचंच. पण वाघ आला तर त्याले सांगसाल का, हे माह्यं झाड व्हय, तू मंगलीच्या झाडाखाली जाय म्हणून?”

मंगली म्हणाली, “माह्या झाडाखाली काऊन पाठवते वो त्याले?”

त्या हशात निम्मं काम झालं. उरलेलं मनसारामभाऊंनी केलं. ते दाराशी बसून ऐकत होते. उठून घरी गेले आणि मासळीची जुनी, फाटकी जाळी खांद्यावर टाकून आले. “ह्या झाडाखाली ताणून बांधा. फूल जाळ्यात पडंल. पाला जाळाले नको, वाकून वेचाले नको, आन् मातीत पडलेलं फूल जनावर खाईल म्हणून अंधारात धावाले नको. ऊन निघाल्यावर जा न आरामानं.” घराघरातून जुनी जाळी निघाली. मासेमार धिवरांच्या ओसऱ्यांत आता बौद्ध वस्तीतल्या बायका बसून गाठी मारतात आणि शिव्या खातात, कारण आपल्याला गाठ येत नाही.

परतीचं मात्र मी रोमकडून घेतलं. त्यांच्या छावणीत निघायचे तीन इशारे असत. पहिल्याला तंबू उतरवायचे, दुसऱ्याला सामान जनावरांवर लादायचं, तिसऱ्याला चालायचं. त्याआधी कोणी पाऊल उचलायचं नाही. आम्ही तलावाच्या पाळीवर तसा सराव केला. डिंपल थाळी वाजवणार: पहिल्यांदा टोपल्या भरायच्या, दुसऱ्यांदा डोक्यावर घ्यायच्या, तिसऱ्यांदा निघायचं, म्हाताऱ्या मधे, धडधाकट दोन्ही टोकांना. पहिली थाळी वाजली आणि बुधरीबाई घरी पोचली. तिला बोलावून आणलं तर म्हणते, “मी पाहून राह्यली होती, रस्ता मोकळा हाय का नाई!”

आता शिट्ट्या आहेत. एक गोकुळामावशीला दिली. कोणी पाठवली ते मी बोलले नाही, तिनेही विचारलं नाही. हातात उलटीसुलटी करून पाहिली आणि गळ्यात घातली. जंगलात ती येणार नाही असंच तेव्हा ठरलेलं होतं.

अडचण दोन ठिकाणी आहे. वनखात्याचा गार्ड आमच्या पुढे चालायला तयार झाला. पुढे चालायला माणूस लवकर मिळतो. सगळ्यांच्या मागे, शेवटची बाई नाला पार करीपर्यंत तिथे कोण उभं राहणार, ते मात्र ठरलं नाही.

दुसरी अडचण आपलं झाड. नाल्यापल्याड तेवढं एकच आहे. डिंपल म्हणाली, “ते नाई घेत आमी. अश्वजितभाऊच्या सबदाशिवाय त्या झाडाले कोणी हात लावत नाई.” मी म्हटलं, मी मुलगी आहे ना केसरबाईची? तर बुधरीबाई म्हणाली, “तू हाय न बाई. पण रुसला तो हाय.”

संघप्रिया


९ मार्च

दादा,

पुस्तक काल पूर्ण झालं. शेवटचं प्रकरण पुलाचं आहे.

घोड्याला घाबरलेली ती फौज परतीच्या वाटेवर असताना मागे, ऱ्हाइन नदीकाठी, बातमी पोचली की ती कापली गेली आणि शत्रू नदीकडे येतो आहे. लोक म्हणाले, पूल तोडा. वरच्या सेनापतीची बायको, अग्रिप्पिना, तिथे होती. तिने तोडू दिला नाही. आपली माणसं अजून पलीकडे आहेत, एवढंच तिला कळत होतं. फौज खरोखर आली, तेव्हा ती पुलाच्या टोकाशी उभी होती. फाटक्यांना कपडे दिले, जखमींना औषध दिलं. तिला लढाईचा अनुभव होता असं कुठे लिहिलेलं नाही. ती पुलावरून हलली नाही, इतकंच.

मी यावर काही भाष्य केलं नाही. प्रकरण तिथेच संपवलं.

आज सकाळी खरोखरच्या जंगलात सराव होता. फुलं अजून पडायची आहेत, पण कळ्या टपोऱ्या झाल्या आहेत. चार-सहा दिवसांत वास गावापर्यंत येईल. ऊन वर आल्यावर निघालो. वेशीशी गोकुळामावशी उभी होती. पदर खोचलेला, गळ्यात शिट्टी.

“मी मागं राहीन,” ती म्हणाली. “नाल्यावर. सगळ्याईच्या मागं.”

 मग बुधरीबाई, तुला माहीत आहे तिची जीभ, म्हणालीच, “गोकुळाबाई, तू त पळाली होती वो.”

“म्हणूनच,” मावशी म्हणाली. “पळाच्या आधी पाय कसे होतेत, ते तुमच्यापैकी कोणाले ठाऊक हाय? मले हाय. दिसले तुमचे तसे पाय, की मी आडवी होईन वाटंत.”

बुधरीबाईने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग मावशीच्या डोक्यावरची टोपली काढून आपल्या डोक्यावर घेतली आणि पुढे चालू लागली.

नाल्याला पाणी नाही, नुसती रेती आहे. आम्ही पलीकडे गेलो, आपल्या झाडापर्यंत. हात कोणी लावला नाही, नुसतं उभं राहून पाहिलं. बुंध्याशी वारुळ झालं आहे, बाकी झाड छान आहे. शिट्ट्या वाजल्या: एक, दोन, तीन. कोणीही पळालं नाही. मावशी रेतीत उभी, आणि जी पार होईल तिचं नाव मोठ्याने घेत होती. “मंगली.” “आली.” “बुधरी.” “आली, आली, ओरडते कायले!” “डिंपल.” “आली, आत्याबाई.” मी शेवटी होते, थोडी मागे. माझं नाव घ्यायच्या जागी तिच्या तोंडून निघालं, “केसर.”

वाटेवरच्या सगळ्या बायका थांबल्या. मावशीने तोंडावर हात ठेवला.

मी म्हटलं, “आली, मावशी.”

तिने माझा हात धरून मला पार केलं. मग वळून त्या झाडाकडे पाहिलं, बराच वेळ, मागे कोणी राहिलं नाही ना असं. आणि मगच निघाली. सबंध वाटभर ती आमच्या मागे होती, आणि या खेपेला पायांचा आवाज आमचा आणि तिचाही होता.

आता मागायचं ते मागते. नाल्यावर एकटीने उभं राहणं बरोबर नाही, हे तुला मी सांगायला नको. मागच्या जागेला दोन माणसं लागतात: एक पुढे गेलेल्यांची नावं घेणारं, एक मागे झाडीकडे पाहणारं. दुसऱ्या जागेसाठी कोणी हात वर केलेला नाही. बायका म्हणतात, ती जागा रिकामीच ठेवू. कोणासाठी, ते कोणी बोलत नाही.

पहिलं फूल पडेल त्या आठवड्यात ये. पुण्याहून नागपूर, तिथून आरमोरीची बस. स्टँडवर मी असेन. भात मी रांधीन, पाणीही विसरणार नाही. तू फक्त नाल्याच्या रेतीत गोकुळामावशीच्या शेजारी उभा राहा, झाडीकडे तोंड करून. बोलू नकोस तिच्याशी, नको वाटलं तर. झाडाला हात लावू द्यायचा की नाही, तेही तिथेच उभं राहून ठरव.

तू नाही म्हणशील. मी तुझी बहीण आहे, तुझं नाही मला लिफाफा बंद करतानाच ऐकू येतं आहे. पण या वेळी ते वहिनीच्या फोनवरून पाठवू नकोस, दादा. नाहीच म्हणायचं असेल, तर ते नाल्यावर येऊन म्हण.

तुझी,
संघू